शिसे, दोरी आणि प्रतिध्वनी : मासेमारी नौकेला समुद्राचा तळ कसा ऐकू आला

१/ इ.स.पू. पाचव्या शतकातील ग्रीक इतिहासकार हेरोडोटस याने एक व्यावहारिक गोष्ट नोंदवून ठेवली आहे. इजिप्तचा किनारा एक दिवसाच्या अंतरावर असताना समुद्रात शिसे सोडले, तर त्याला चिकटून चिखल वर येतो आणि खोली ११ वाव भरते. किनारा डोळ्यांना दिसण्यापूर्वीच खलाशाला तो दोरीतून कळत असे. त्यानंतर जवळजवळ २४०० वर्षे मच्छीमाराकडे तळाची वार्ता आणणारे दुसरे साधन नव्हते. मग अवघ्या ४० वर्षांत सारे बदलले. हा बदल कसा घडला आणि त्यात मासळीचे काय झाले, याविषयी हा धागा.

२/ प्रथम मापाविषयी. दोन्ही हात आडवे पसरले की एका हाताच्या बोटांच्या टोकापासून दुसऱ्या हाताच्या टोकापर्यंत जे अंतर भरते, तो एक वाव. आपल्या किनाऱ्यावर पाण्याची खोली आणि दोरीची लांबी पूर्वापार वावांत मोजली गेली. इंग्रजी फॅदम हे मापही पसरलेल्या हातांवरूनच आले असून ते ६ फुटांचे असते. त्यामागचे कारण साधे आहे. पाण्यातून ओढलेली ओली दोरी दोन हातांत ताणून धरली की एक वाव मोजला जातो. मापपट्टीची गरजच नाही. अमेरिकी लेखक सॅम्युएल क्लेमेन्स याने घेतलेले ‘मार्क ट्वेन’ हे टोपणनावही मिसिसिपी नदीवरील अशाच एका आरोळीतून आले. तिचा अर्थ ‘दोन वाव पाणी’.

३/ शिशाच्या तळाला एक खळगा ठेवीत आणि त्यात चरबी भरीत. तळाला टेकताच वाळू, शिंपल्यांचा चुरा किंवा चिखल त्या चरबीला चिकटून वर येई. जाणता तांडेल तो चुरा बोटांत चोळून, त्याचा वास घेऊन आपण कोठे आहोत हे ताडत असे. दाट धुक्यात, ताऱ्यांचा आधार नसताना, ही परीक्षा पुष्कळदा नौका वाचवी. पण ती तळाविषयीच बोलत असे. पृष्ठभाग आणि तळ यांच्यामध्ये काय पोहत आहे, याविषयी शिसे सर्वस्वी मुके होते.

४/ खोल समुद्रात तर ही पद्धत फारच संथ पडे. ब्रिटिश संशोधन नौका ‘चॅलेंजर’ १८७२ ते १८७६ या काळात जगाच्या महासागरांतून फिरली. साडेतीन वर्षांच्या त्या प्रवासात खोल पाण्याची मोजमापे झाली ४९२. मार्च १८७५ मध्ये पश्चिम प्रशांत महासागरात तिच्या दोरीने ४४७५ वाव, म्हणजे सुमारे ८१८४ मीटर खोली दाखवली. अशा एकेका मापासाठी नौका तासन्‌तास एका जागी रोखून धरावी लागे. महासागराच्या तळाचा त्या काळचा नकाशा म्हणजे मोठ्या अंधारात पेटवलेल्या मोजक्या पणत्या होत्या.

५/ दोरीऐवजी ध्वनी वापरण्याच्या कल्पनेला आधार मिळाला तो १८२६ साली, जिनिव्हाच्या सरोवरात. ज्याँ-दानिएल कोलादों आणि गणितज्ञ शार्ल स्तुर्म यांनी पाण्यातील ध्वनीचा वेग मोजला. एका नावेवर पाण्याखाली घंटा वाजे आणि त्याच क्षणी वर बारूद पेटे. सुमारे साडेतेरा किलोमीटर अंतरावरील दुसऱ्या नावेत पाण्यात बुडवलेल्या लांब नळीला कान लावून ध्वनीची वाट पाहिली जाई. उजेड दिसणे आणि घंटा ऐकू येणे यांत साडेनऊ सेकंदांच्या आतबाहेरचा अवधी गेला. वेग निघाला सेकंदाला १४३५ मीटर. हवेतील वेगाच्या हा चौपटीहून अधिक होता.

६/ वेग ठाऊक असेल तर बाकी त्रैराशिक उरते. समुद्राच्या पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे १५०० मीटर जातो. नौकेच्या बुडाशी आवाज केला, तो तळावर आपटून १/५ सेकंदात परत आला, तर त्याने ३०० मीटर प्रवास केला. जाण्याचे १५० आणि येण्याचे १५०. म्हणजे खोली १५० मीटर. तत्त्व शाळकरी मुलालाही कळेल असे आहे. अडचण होती ती दोनच गोष्टींची. पाण्यात पुरेसा जोरकस ध्वनी निर्माण करायचा कसा, आणि सेकंदाचा इतका लहान अंश मोजायचा कसा?

७/ या प्रश्नांना निकड आणली एका दुर्घटनेने. एप्रिल १९१२ मध्ये ‘टायटॅनिक’ हिमनगावर आदळून बुडाली. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये लुईस फ्राय रिचर्डसन याने प्रतिध्वनीने हिमनग ओळखण्याच्या पद्धतीसाठी एकस्वाचा अर्ज केला. जर्मनीत कील येथील अलेक्झांडर बेम याला १९१३ साली प्रतिध्वनीने खोली मोजण्याच्या पद्धतीचे एकस्व मिळाले. आणि कॅनडात जन्मलेल्या रेजिनाल्ड फेसेंडेन याने पाण्याखाली ध्वनी फेकणारे शक्तिशाली विद्युत् यंत्र तयार केले. एप्रिल १९१४ मध्ये न्यूफाउंडलंडजवळील ग्रँड बँक्सवर, ‘मायामी’ या अमेरिकी नौकेवरून, त्याने सुमारे दोन मैलांवरच्या हिमनगाचा प्रतिध्वनी टिपला. त्याच चाचणीत समुद्रतळाचा प्रतिध्वनीही ऐकू आला.

८/ मग महायुद्ध आले आणि हिमनगाची जागा पाणबुडीने घेतली. फ्रान्समध्ये पॉल लाँजव्हँ आणि रशियातून आलेले अभियंते कॉन्स्तांतिन शिलोव्हस्की यांनी १९१५ पासून माणसाला ऐकू न येणाऱ्या, श्राव्यातीत ध्वनीवर काम केले. लाँजव्हँ हे पिएर क्यूरी यांचे शिष्य. क्यूरी बंधूंनी १८८० साली दाखवून दिले होते की क्वार्ट्झच्या स्फटिकावर दाब दिला की त्यात वीज निर्माण होते. उलट, वीज दिली की तो स्फटिक आकुंचन-प्रसरण पावतो. १९१७ मध्ये लाँजव्हँ यांनी पोलादी चकत्यांमध्ये क्वार्ट्झ बसवून असे साधन घडवले, की तेच बोलेल आणि तेच ऐकेल. आजच्या प्रत्येक फिश फाइंडरच्या बुडाशी असणारा ट्रान्सड्यूसर या साधनाचाच वंशज होय.

९/ शांततेच्या काळात याचे फळ चटकन दिसले. १९२२ साली अमेरिकी नौदलाची ‘स्टुअर्ट’ ही नौका न्यूपोर्टहून जिब्राल्टरला गेली. वाटेत, नौका न थांबवता, तिने सुमारे ९०० खोल मापे घेतली. ‘चॅलेंजर’ची साडेतीन वर्षांतील ४९२ मापे आठवावीत. १९२५ ते १९२७ या काळात जर्मन संशोधन नौका ‘मेटेओर’ने दक्षिण अटलांटिकमध्ये ६७ हजारांहून अधिक मापे घेतली. सपाट समजल्या गेलेल्या तळावर तेथे पर्वतरांगा उभ्या असल्याचे स्पष्ट झाले.

१०/ येथवर मासळीचा विषय कोठेच नव्हता. यंत्र होते ते हिमनगासाठी, पाणबुडीसाठी आणि तळासाठी. मासेमारी नौकांनी ते विकत घेतले तेही खोली कळावी आणि जाळे खडकात अडकून फाटू नये म्हणून. पण यंत्र वापरणाऱ्यांना मधूनच विचित्र खुणा दिसत. तळाच्या रेषेच्या वर, पाण्याच्या मध्यावरच, काहीतरी उमटे. अभियंत्यांना तो दोष वाटे. काही तांडेलांच्या मनात मात्र वेगळीच शंका आली.

११/ शंकेचा प्रायोगिक पाठपुरावा प्रथम जपानमध्ये झाला. १९२९ साली किमुरा या संशोधकाने मासे पाळलेल्या तळ्यात श्राव्यातीत ध्वनीचा झोत सोडला आणि मासे झोतातून जाताना ग्रहण होणारा संकेत कमीजास्त होतो हे दाखवले. नॉर्वेत १९३४ साली बोक्न नावाच्या तांडेलाने फ्राफ्योर्ड या खाडीत स्प्रॅट माशांच्या थव्याची प्रतिध्वनी-नोंद कागदावर मिळवली. पुढच्याच वर्षी नॉर्वेचे मत्स्यशास्त्रज्ञ ऑस्कर सुंड यांनी ‘नेचर’ या नियतकालिकात लोफोटेन बेटांजवळील कॉडच्या थव्यांची नोंद प्रसिद्ध केली. कॉड पाण्यात विखुरलेला नव्हता. एका ठरावीक खोलीवर, पातळ थर करून तो राहत होता. शतकानुशतके ज्याचा केवळ तर्क केला गेला, तो मासा प्रथमच कागदावर रेघ होऊन उमटला.

१२/ या कथेतील माझे आवडते पात्र शास्त्रज्ञ नव्हे. रोनाल्ड बॉल्स हा इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरील हेरिंग पकडणारा तांडेल. १९३३ साली त्याने आपल्या ‘व्हायोलेट अँड रोझ’ या नौकेवर प्रतिध्वनी-यंत्र बसवून घेतले. हेरिंगची जाळी संध्याकाळी सोडत आणि रात्रभर पाण्यात तरंगत ठेवीत. जागा चुकली की सबंध रात्र वाया. म्हणून तांडेल पक्षी पाहत, पाण्याचा रंग पाहत, पृष्ठभागावरील तेलकट झाक शोधत. बॉल्सने यांच्या जोडीला यंत्रावरील खुणा ठेवल्या आणि प्रत्येक खूण त्या रात्रीच्या मासळीशी ताडून पाहिली. वर्षानुवर्षे हे करून त्याने १९४८ साली एका आंतरराष्ट्रीय समुद्रविज्ञान नियतकालिकात आपला अनुभव लिहिला. विज्ञानाच्या इतिहासात अशा माणसांची नोंद ठळकपणे व्हायला हवी.

१३/ माशाचा प्रतिध्वनी येतो तरी का? मांस आणि पाणी यांची घनता जवळजवळ सारखी, त्यामुळे ध्वनी मांसातून फारसा न अडखळता पार होतो. पण बहुतेक हाडेरी माशांच्या पोटात हवेने भरलेला वाताशय असतो. पाणी आणि हवा यांच्या सीमेवर ध्वनी जोराने परततो. कॉडसारख्या माशाच्या प्रतिध्वनीचा ९० टक्क्यांहून अधिक भाग या पिशवीतून येतो. आपल्याकडे घोळ माशाच्या ज्या पिशवीला बाजारात सोन्याचा भाव मिळतो, ती हीच. उलट मुशीला वाताशय नसतो. उत्तर अटलांटिकमधील मॅकरेललाही नसतो. त्यामुळे असे मासे यंत्रावर फिकट दिसतात. म्हणजे यंत्र मासा पाहत नाही. ते मुख्यतः त्याच्या पोटातली हवा ऐकते.

१४/ दुसऱ्या महायुद्धात पाणबुडीशोधक यंत्रे झपाट्याने सुधारली. ‘सोनार’ हा शब्दही याच काळातला, अमेरिकेत घडवलेला. मराठी कानाला त्यात सुवर्णकार ऐकू येतो, पण दोहोंचा संबंध काही नाही. या काळात एक चमत्कारिक गोष्ट आढळली. खोल समुद्रात काही शे मीटरांवर एक ‘खोटा तळ’ दिसे, दिवसा खाली जाई आणि रात्री वर येई. तळ हलतो कसा? १९४५ साली मार्टिन जॉन्सन या जीवशास्त्रज्ञाने उलगडा सुचवला, की हा अन्नासाठी रात्री वर येणाऱ्या असंख्य लहान जीवांचा थर असावा. पृथ्वीवर रोज घडणारे प्राण्यांचे सर्वांत मोठे स्थलांतर युद्धाच्या यंत्राने असे ओघातच दाखवून दिले.

१५/ १९४५ नंतरचा जपान. अन्नाचा तुटवडा, आणि दोस्तांच्या ताब्यातील शासनाने मासेमारीच्या क्षेत्रावर घातलेली सीमा. आहे त्या पाण्यातून अधिक मासळी काढणे भाग होते. नागासाकी प्रांतातील कुचिनोत्सु या बंदरात कियोताका फुरुनो हा तरुण नौकांवर विजेची कामे करी. एका तांडेलाने त्याला सांगितले, की मासळीचा थवा असतो तेथे बुडबुडे वर येतात. फुरुनोने विचार केला, की बुडबुडे असतील तर ध्वनी परत येईल. युद्धातून उरलेली खोलीमापक यंत्रे मिळवून त्याने आणि त्याच्या भावाने प्रयोग आरंभले. १९४८ साली त्यांचे मासे शोधणारे यंत्र विक्रीस आले. व्यापारी तत्त्वावर तयार झालेले जगातील पहिले फिश फाइंडर म्हणून ते ओळखले जाते.

१६/ यंत्र तयार होणे आणि ते नौकेवर चालणे यांत मोठे अंतर असते. येथे बसवणुकीचा प्रश्न येतो आणि पुष्कळ यंत्रांची कीर्ती तेथेच बुडते. ध्वनीला हवेचे वावडे. नौका चालू लागली की नाळेखालून बुडबुड्यांचा पट्टा बुडाशी घसरत मागे जातो. ट्रान्सड्यूसर त्या पट्ट्यात आला की कागद कोरा राहतो. तो पंख्याजवळ बसवला तर पंख्याचा आवाज आणि फेस सारे झाकून टाकतो. लाकडात हवा असते, म्हणून लाकडी नौकेत तो आतून चिकटवून भागत नाही. बुडाला भोक पाडून बाहेर काढावा लागतो. आणि स्वतःच्या नौकेच्या बुडाला भोक पाडायला कोणता मच्छीमार आनंदाने तयार होईल?

१७/ शिवाय तो सरळ खाली पाहणारा हवा. बूड तिरके असेल तर त्याखाली लाकडाचा उतरता ठोकळा बसवून कोन जुळवावा लागतो. तारा इंजिनाच्या विजेच्या तारांपासून दूर न्याव्या लागतात, अन्यथा पडद्यावर मासळीऐवजी इंजिनाची थरथर उमटते. खाऱ्या हवेने सांधे गंजतात. वर्षाकाठी नौका वर ओढली की ट्रान्सड्यूसरवर बसलेले शंख-शिंपले जपून खरवडावे लागतात. फुरुनो बंधू सुरुवातीस स्वतः नौकांवर जाऊन यंत्र चालवून दाखवत. आपला पिढीजात अंदाज एका पेटीला विचारून ठरवायचा, ही गोष्ट अनुभवी तांडेलांना सहज रुचणारी नव्हती.

१८/ यंत्र वाचणे हीही विद्याच. ध्वनी सरळ रेघेत जात नाही, शंकूसारखा पसरतो. २० अंशांचा शंकू ३० मीटर खोलीवर सुमारे साडेदहा मीटर रुंद होतो. मासा शंकूच्या कडेला असताना त्याचे अंतर अधिक भरते, मध्यावर कमी आणि पलीकडच्या कडेला पुन्हा अधिक. म्हणून एकच मासा पडद्यावर कमानीसारखा दिसतो. कमी वारंवारतेचा ध्वनी, समजा ५० किलोहर्ट्‌झचा, खोलवर पोहोचतो पण ढोबळ चित्र देतो. २०० किलोहर्ट्‌झचा बारकावे दाखवतो पण लवकर विरतो. चिखलाचा तळ फिका आणि जाड, खडकाचा तळ ठळक. शिशाच्या चरबीला जे काम होते, ते आता रेषेच्या जाडीवर आले.

१९/ खाली पाहणारे यंत्र नौकेच्या बुडाखालचेच सांगते. आडवे, चहूकडे पाहणारे सोनार मिळाले तेव्हा खरी उलथापालथ झाली. नॉर्वेत १९४७ साली विली सिमोनसेन याने स्थापन केलेली सिमराड ही कंपनी मासेमारीच्या यंत्रांत अग्रेसर ठरली. १९५० साली ‘जी. ओ. सार्स’ या नव्या संशोधन नौकेवरून फिन देवोल्ड यांनी सोनारने हेरिंगच्या थव्यांचा माग खुल्या समुद्रात काढला. हेरिंग किनाऱ्याला कधी लागणार याचे भाकीत ते मच्छीमारांना देऊ लागले. पिढ्यान्‌पिढ्या हेरिंग ‘येई’ तेव्हा माणूस पकडे. आता माणूस तिच्यापर्यंत जाऊ लागला.

२०/ याच दशकात मारियो पुरेतिच या क्रोएशियात जन्मलेल्या अमेरिकी मच्छीमाराने पॉवर ब्लॉक आणला. यंत्राच्या बळावर फिरणारे हे चाक प्रचंड पर्ससीन जाळे वर ओढून घेई. त्याला नायलॉनच्या हलक्या, बळकट जाळ्यांची साथ मिळाली. सोनारने थवा शोधायचा, पर्ससीनने तो वेढायचा, चाकाने उचलायचा. १९६० च्या दशकात नॉर्वे आणि आइसलँडच्या ताफ्यांनी ही त्रयी उचलली. १९६६ साली नॉर्वेजियन समुद्रातील वसंतात अंडी घालणाऱ्या हेरिंगची पकड जवळजवळ २० लाख टनांवर गेली.

२१/ आणि मग ती हेरिंग संपली. १९५० च्या दशकात अंडी घालणाऱ्या माशांचे एकूण वजन १ कोटी टनांच्या घरात असल्याचा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. १९७० च्या दशकाच्या आरंभी ते लाख टनांच्याही पुष्कळ खाली गेले. कारण एकटे सोनार नव्हे. नॉर्वेच्या खाड्यांत लहान हेरिंगचीही बेसुमार पकड झाली आणि समुद्राचे तापमानही घसरले. पण थवे विरळ होत असताना उरलेला प्रत्येक थवा शोधून काढण्याचे सामर्थ्य यंत्राने दिले, हे नाकारता येत नाही. आइसलँडचे सिग्लुफ्योर्दुर हे हेरिंगच्या पैशावर उभे राहिलेले गाव ओस पडले. १९६७ आणि १९६८ अशा लागोपाठ दोन वर्षी त्या देशाला आपल्या चलनाचे अवमूल्यन करावे लागले. आज त्या गावात हेरिंगच्या दिवसांचे संग्रहालय आहे.

२२/ यातील फसगत नीट समजून घ्यावी. विखुरलेला मासा कमी झाला की जाळ्यात कमी येतो आणि मच्छीमाराला धोका कळतो. थव्याने राहणाऱ्या माशाचे तसे नसते. संख्या अर्धी झाली तरी उरलेले मासे दाट थवाच करतात. यंत्र तो थवा शोधते, जाळे पूर्वीसारखेच भरते आणि सारे आलबेल आहे असे वाटते. थवे संपत येतात तोवर आकडे घसरतच नाहीत. न्यूफाउंडलंडच्या कॉडबाबत हेच घडले. किनाऱ्यालगत मासेमारी करणारे लोक मासा कमी होत असल्याचे सांगत होते. खोल समुद्रातील मोठ्या ट्रॉलरांची पकड मात्र भरघोस दिसत होती. २ जुलै १९९२ रोजी कॅनडाने बंदी घातली तेव्हा सुमारे ३० हजार लोकांचा रोजगार गेला. ती बंदी उठायला २०२४ साल उजाडले.

२३/ तरीही यंत्राला खलनायक ठरवणे सोपे आणि चुकीचे आहे. १९६५ साली नॉर्वेचे ओलाव्ह द्रागेसुंड आणि स्टायनार ओल्सेन यांनी प्रतिध्वनींची बेरीज करून मासळीचे प्रमाण काढण्याची पद्धत मांडली. त्यापूर्वी समुद्रातील मासा मोजायचा तर पकडावाच लागे. आता तो न पकडता मोजता येऊ लागला. हेरिंगवर कठोर निर्बंध आले. १९८३ साली जन्मलेली पिढी भरघोस निघाली, तिला मोठे होऊ दिले गेले आणि १९९० च्या दशकात साठा पुन्हा काही दशलक्ष टनांवर पोहोचला. मासा संपवण्यात ज्या प्रतिध्वनीचा हात होता, त्याच्याच आधारे तो परत आल्याची खात्री झाली.

२४/ भारताचा या कथेशी धागा नॉर्वेमार्गेच जुळतो. मुंबईत १९४६ साली खोल समुद्रातील मासेमारीचे सरकारी केंद्र निघाले. आजचे भारतीय मात्स्यिकी सर्वेक्षण ते हेच. १९५२ साली भारत, नॉर्वे आणि संयुक्त राष्ट्रे यांच्यात करार होऊन केरळच्या कोल्लमजवळ, नीण्डकरा परिसरात इंडो-नॉर्वेजियन प्रकल्प सुरू झाला. उद्देश होता मच्छीमारांचे जीवनमान उंचावण्याचा, आणि त्यासाठी इंजिनाच्या नौका आल्या. कोळंबीच्या निर्यातीने पुढे या बदलाला वेग दिला. त्याबरोबर यांत्रिक नौका आणि पारंपरिक होड्या यांच्यातील संघर्षही पश्चिम किनाऱ्यावर येऊन पोहोचला.

२५/ महाराष्ट्रात तो संघर्ष अद्याप ताजा आहे. राज्याचा सागरी मासेमारी नियमन कायदा १९८१ चा. २०१६ साली शासनाने पर्ससीन मासेमारीवर निर्बंध घातले. २०१७ साली केंद्राने प्रखर एलईडी दिव्यांनी मासा गोळा करण्यावर बंदी आणली. रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गातील वाद ऐकताना नॉर्वेचे १९६६ साल आठवावे. एका बाजूला कर्ज काढून यंत्रे बसवलेला नौकामालक आहे, ज्याला हप्ता फेडायचा आहे. दुसऱ्या बाजूला किनाऱ्यालगत जाळे टाकणारा कोळी आहे, ज्याच्यापर्यंत थवा पोहोचण्याआधीच वेढला जातो. न्यूफाउंडलंडमध्येही प्रथम तक्रार केली होती ती किनाऱ्यालगतच्या मच्छीमारांनीच.

२६/ जुन्या काळी मासा वाचे तो काही माणसाच्या दयेमुळे नव्हे. तो कोठे आहे हे माणसाला ठाऊक नसे म्हणून वाचे. खोली, अंधार आणि अंतर हीच त्याची राखीव क्षेत्रे होती. प्रतिध्वनीने ती खुली केली. त्यामुळे जे काम पूर्वी अज्ञान करीत असे, ते आता कायद्याने, मोजणीने आणि संयमाने करावे लागते. पावसाळ्यातील १ जून ते ३१ जुलै ही मासेमारी बंदी त्याच कामाचा एक भाग आहे. नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या किनाऱ्यावर ठेवण्याची जुनी रीत याच ऋतूतली, हे विसरू नये.

२७/ पुढच्या वेळी बंदरावर गेलात आणि एखाद्या नौकेच्या केबिनमध्ये तो लहान, रंगीत पडदा दिसला, तर तांडेलाला दोन प्रश्न अवश्य विचारा. त्याच्या आजोबांना मासा कशावरून कळत असे? आणि आज त्याच जागी पडद्यावर पूर्वीइतकेच ठिपके दिसतात का? पहिल्या प्रश्नाचे उत्तर लिहून ठेवण्याजोगे असेल, कारण ते ज्ञान कोणत्याही यंत्रात साठवलेले नाही. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ऐकताना मात्र २२ वा भाग ध्यानात असू द्या. आपल्या घरी वा गावात अशा आठवणी असतील तर खाली जरूर लिहा. धागा समाप्त.